फुलांच्या आधी पानं: इंदुरातल्या घरामागे फुलपाखरांची बाग कशी कराल

लिंबाच्या कोवळ्या पानावर चिमणीची शीट पडलेली दिसली, तर पुसायला जाऊ नका. आधी चष्मा लावून नीट बघा. काळपट-तपकिरी रंग, मधोमध पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. आणि मग ती शीट हळूच पुढे सरकते. ही लाइम बटरफ्लाय नावाच्या फुलपाखराची बाळ-अळी. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून पक्ष्याच्याच विष्ठेचं सोंग घेतलेली.

आमच्या सुदामा नगरच्या घरामागे एक जुनं लिंबाचं झाड आहे. दर पावसाळ्यात कुंपणापलीकडून हाक यायची, "काकू, तुमच्या लिंबाला इल्ली लागली!" (इंदुरात राहून राहून मराठी घरांतही अळीची इल्ली झाली आहे, त्याला इलाज नाही.) मग मी पंप काढून औषध मारायची. त्याच वेळी पुढच्या अंगणात झेंडू, झिनिया, कॉसमॉस लावून फुलपाखरांची वाटही बघायची. ती यायची, दोन घोट रस घ्यायची, निघून जायची. पुढच्या दारी ज्यांना बोलावतेय त्यांचीच पोरं मागच्या दारी मारतेय, हे ध्यानात यायला मला कितीतरी वर्षं लागली.

फुलं म्हणजे वाटेवरची चहाची टपरी. बाळंतपणाला मात्र माहेरच लागतं, आणि प्रत्येक फुलपाखराचं माहेर ठरलेलं असतं. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान ठोकून त्याची चव घेते. तिच्या पायांना चव कळते. झाड ओळखीचं निघालं तरच अंडं घालते, नाहीतर पुढे जाते. त्या झाडांना खाद्य वनस्पती म्हणतात. बाग करायची म्हणजे आधी ही झाडं लावायची आणि त्यांची पानं कुरतडली गेलेली सोसायची. इंदूरकरांना हे दुसरं काम जड जातं. २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर पहिलं आलं, तेव्हापासून आपल्याला झाडलेल्या जमिनीचा फार अभिमान. रस्त्यावर तो असावाच. पण तीच केरसुणी मागच्या अंगणाच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत फिरवली, की टाकळा, घोळ, एकदांडी, रुई सगळं "तण" म्हणून उपटलं जातं, आणि बहुतेक माहेरं नेमकी तिथेच असतात.

आधी जे आहे ते मोजा

काही विकत घेण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा अंगणात खुर्ची टाकून बसा. ऊन कुठे येतं, किती वेळ टिकतं, वारा कुठून लागतो ते बघा. फुलपाखराच्या अंगात स्वतःची ऊब नसते. उन्हात पंख पसरून अंग तापवल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. त्यामुळे दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन असलेली जागा निवडा. मे-जूनमध्ये माळव्यात पश्चिमेचा वारा सणसणीत सुटतो. त्या बाजूला भिंत, मेंदीचं कुंपण किंवा चार-दोन उंच झुडपं असली की बरं.

मग असलेली झाडं मोजा. जुन्या इंदुरी घराच्या आवारात लिंबू, कढीपत्ता, सीताफळ, आंबा आणि फाटकाशी उंच सरळसोट अशोक एवढं हमखास सापडतं. हा खरं तर खोटा अशोक, पण टेल्ड जे नावाच्या काळ्यावर हिरवे ठिपके असलेल्या चपळ फुलपाखराला तो खराच वाटतो. सीताफळ, रामफळ आणि सोनचाफाही त्याला चालतात. आंब्याच्या पानावर कॉमन बॅरनची अळी असते. हिरव्या अंगावर मधोमध एक पिवळसर रेघ. ती पानाच्या मधल्या शिरेवर बरोबर शिर जुळवून बसते आणि दोन्ही बाजूंना पिसांसारखे काटे पसरते. समोर असून दिसत नाही. मला पहिल्यांदा दिसली ती माझ्या नातवामुळे, आणि तोही पान मोजत होता, अळी नव्हे.

आंब्यावर बांडगूळ असेल तर ते सगळं काढू नका. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू, ज्याला इंग्रजीत जेझेबेल म्हणतात, त्याचं माहेर बांडगूळच. पांढऱ्यावर काळ्या रेघा, खालून पिवळा रंग आणि कडेला कुंकवाची बोटं. आंब्याला बांडगुळाचा त्रास होतो हे खरं, म्हणून मी उंचावरची एक फांदी ठेवते आणि बाकी कापून घेते.

औषधाची बाटली घराबाहेर

या पायरीला पर्याय नाही. अळी मारणारं कोणतंही औषध फुलपाखराची अळी वगळून मारत नाही. कडुनिंबाचं तेल "नैसर्गिक" म्हणून लोक बिनधास्त फवारतात, पण त्यानेही अळ्यांची वाढ थांबते आणि त्या मरतात. नर्सरीतून आणलेल्या रोपात आंतरप्रवाही कीटकनाशक असू शकतं. ते पानाच्या रसातच उतरलेलं असतं, धुऊन जात नाही. मी एकदा मोठ्या हौसेने लिंबाचं तजेलदार कलम आणलं. त्यावर आठवड्यात अंडी आली आणि अळ्या बाहेर पडून दोन दिवसांत काळ्या पडल्या. तेव्हापासून विकतचं रोप नवी पालवी दोनदा येईपर्यंत जाळीखाली बाजूला ठेवते. शक्य असेल तेव्हा बी किंवा फांदी लावलेली बरी.

मावा झालाच तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. रुईवर आणि हळदकुंकवाच्या झाडावर पिवळाधमक मावा येतोच येतो. फवारण्याआधी पानामागे अंडी नाहीत ना, एवढं बघा. डासांच्या धुराची गाडी गल्लीत आली की मी अळ्यांच्या कुंड्या आत घेते. बाकी झाडांचं नशीब.

कोणासाठी काय

भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत. त्या सगळ्यांचा विचार करून डोकं पिकवू नका. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेला नीलवंत फार देखणा, पण माळव्याच्या कोरड्या पठारावर त्याच्या भरवशावर बाग आखू नये. आपल्याकडची नेहमीची पाहुणी मंडळी पुष्कळ आहेत.

पहिल्या वर्षी लिंबू आणि कढीपत्ता. हे दोन घराघरांत असतात म्हणून त्यांना कमी लेखू नका. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन ही दोन मोठी फुलपाखरं या दोन्हींवर आणि बेलावर वाढतात. कॉमन मॉर्मनची मादी तीन रूपांत येते: एक नरासारखी, दुसरी कॉमन रोजसारखी, तिसरी क्रिमसन रोजसारखी. ही दोन्ही रोज फुलपाखरं विषारी, म्हणून ही त्यांचा वेष घेते. चोरी पकडायची तर अंग बघा. खऱ्या रोजचं अंग लाल असतं, सोंग घेतलेलीचं काळं.

अळी मोठी झाली की हिरवी होते. तिला काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागून दुबेळकं तांबूस शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुलांना एकदा दाखवायला हरकत नाही, रोज नको. अळीचं सगळ्यात जास्त खाणं शेवटच्या चार-पाच दिवसांत होतं. छोट्या कुंडीतलं रोप दोन अळ्या बोडकं करतात. त्यामुळे एक झाड स्वयंपाकासाठी आणि दोन-तीन त्यांच्यासाठी असा सरळ वाटा करा. त्यांच्या वाट्याची रोपं फुकट होतात: स्वयंपाकात पिळलेल्या लिंबाच्या बिया वाळू न देता लगेच पेरायच्या. या रोपांना लिंबं लागायला खूप वर्षं जातील, पण आपल्याला पानंच हवी आहेत.

दुसरं झाड रुई. प्लेन टायगर, म्हणजे मराठीतला बिबळ्या कडवा, याचं हे घर. विटकरी-केशरी पंख, टोकाला काळा रंग आणि पांढरे ठिपके. अळी म्हणजे काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा पट्टेरी पायमोजा, अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. ती रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते आणि पुढे फुलपाखरूही कडूच राहतं, म्हणून कडवा. पक्षी एकदा खाऊन ओकला की पुन्हा वाटेला जात नाही. म्हणूनच हे फुलपाखरू इतकं संथ, ऐटीत उडतं.

रुईचं वाढलेलं झाड उपटून आणू नका. मूळ खोल जातं, ते तुटतं आणि झाड मरतं. उन्हाळ्यात बोंडं फुटून म्हाताऱ्या उडतात, त्यांच्या टोकाची चपटी बी पेरा. किंवा पेन्सिलीएवढी फांदी कापून चीक वाळेपर्यंत एक दिवस सावलीत ठेवा आणि रेताड मातीत खोचा. कापताना चष्मा घाला. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला गंभीर इजा होते, यात अतिशयोक्ती नाही. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं तोडणाऱ्यांनी एवढं करावं: पान उलटून बघावं, टाचणीच्या डोक्याएवढं पांढरट अंडं असेल तर ते पान सोडून दुसरं घ्यावं. मारुतीराया समजून घेईल.

जागा थोडी असेल तर रुईऐवजी हळदकुंकू लावा, लाल-पिवळ्या फुलांचं, कमरेएवढं झाड. बिबळ्या कडव्याला ते चालतं आणि त्याच्या फुलांवर इतरही येतात. (हळदकुंकू हे झाड आणि हळदीकुंकू हे फुलपाखरू, यांचा एकमेकांशी संबंध नाही. आमच्या घरी यावरून बराच गोंधळ झालेला आहे.)

याच गोष्टीचा पुढचा भाग घोळीच्या भाजीत आहे. डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराचा नर काळा, पंखांवर जांभळी कड असलेले पांढरे चंद्र. म्हणून मराठीत हा छोटा चांदवा. त्याची मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी, केशरी. तिच्यात विष नाही, नुसता दरारा उसना घेतलेला. तिची अळी घोळीवर वाढते. म्हणजे एका बाजूला रुई आणि तिच्या पायाशी पसरलेली घोळ ठेवलीत, तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकाच वाफ्यात बघायला मिळतात. बागेत मला हीच जागा सगळ्यात आवडते.

टाकळा पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर मुबलक उगवतो. कोवळा असताना भाजी करा, उरलेला ठेवा. त्यावर मॉटल्ड एमिग्रंट आणि पिवळी ग्रास यलो येतात. बहावा लावायला जागा असेल तर कॉमन एमिग्रंट त्यावर तुटून पडतात. बहाव्याची पानं ऑगस्टमध्ये चाळणी झाली तरी पुन्हा फुटतात आणि मेमध्ये फुलतात. कुंपणाला शंकासूर असेल तर ग्रास यलोची सोय झालेलीच आहे.

कण्हेरीवर कॉमन क्रो, म्हणजे हबशी, अंडी घालतो. वड-उंबरही त्याला चालतात. त्याचा कोष बघायला मिळाला तर दिवस सार्थकी लागला समजा. सोन्याचा मुलामा दिलेला लोलक पानाखाली टांगलेला असतो, त्यात आपला चेहरा दिसेल इतका चकचकीत. कण्हेरीवर कधी बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसते, मानेजवळ डोळ्यांसारखे निळे ठिपके. ती फुलपाखराची नव्हे, एका मोठ्या पतंगाची. तिलाही राहू द्या. कण्हेर माणसाला विषारी आहे, तेव्हा लहान मुलं असलेल्या घरात ती कुंपणापाशीच बरी.

कोरांटीवर भिरभिऱ्या वाढतात. निळ्या, पिवळ्या, चॉकलेटी अशा पॅन्सी जातीच्या फुलपाखरांना हे सुंदर मराठी नाव आहे. कृष्णकमळावर टॉनी कोस्टर येतो आणि त्याच्या काटेरी अळ्या झुंडीने वेल साफ करतात, तेव्हा देवाच्या फुलांसाठीचा वेल वेगळा ठेवा. एरंडावर कॉमन कॅस्टर. पण एरंडाच्या बिया जबर विषारी, शेंगा धरायच्या आत खुडा. पानफुटीचं एक पान मातीवर टाकलं की रोपं तयार. तिच्यावर रेड पिएरो आला तर त्याची अळी पानाच्या आत बोगदा करून राहते आणि पान बाहेरून नुसतं भाजल्यासारखं दिसतं. सायकस हा दिवाणखान्याबाहेरचा मानकरी. त्याच्या नव्या पानांवर प्लेन्स क्युपिडच्या अळ्या येतात आणि मुंग्या त्यांची राखण करतात, कारण अळीच्या अंगातून गोड रस मिळतो. सायकस फारच जिवाभावाचा असेल तर नवी पानं टणक होईपर्यंत जाळी घाला. अळ्यांना फक्त कोवळी लागतात. आंबुशी कुंडीत आपोआप येते. ती उपटली नाहीत तर नखाएवढं निळसर पेल ग्रास ब्लू तिच्यावर फुकट मिळतं.

कॉमन रोजसाठी ईश्वरीचा वेल, ज्याला सापसण म्हणतात, मिळाला तर भाग्य. तो जपून लावा आणि घरगुती औषध म्हणून कोणी मागितला तर देऊ नका. त्यातलं आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगालाही कारण ठरतं. तो आणायला रालामंडलच्या अभयारण्यात पिशवी घेऊन जायचं नाही. तिथलं तिथेच राहू द्यायचं.

नर्सरीत कोणत्या नावाने मागायचं

इंदूरच्या नर्सरीत मराठी नावं चालत नाहीत. मी "कोरांटी आहे का" विचारत तीन नर्सऱ्या फिरले, चौथ्या ठिकाणी समोरच ठेवलेली होती, वज्रदंती या नावाने. कढीपत्त्याला मीठा नीम म्हणा, रुईला आक किंवा मदार, बहाव्याला अमलतास, पानफुटीला पत्थरचट्टा. कृष्णकमळ राखी बेल म्हणून मिळतं. टाकळा पुवाड आणि घोळ कुल्फा. हे दोन विकत मागितलेत तर माळी तुमच्याकडे जरा निरखून बघेल, ते एखाद्या मोकळ्या प्लॉटवरूनच आणा. ईश्वरमूल बहुधा औषधी वनस्पती ठेवणाऱ्याकडेच विचारावं लागतं.

लावणी

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन खोलवर भिजली की लावा. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि जुलैत चिकट लगदा होते. लिंबू आणि कढीपत्ता साचलेल्या पाण्यात मुळं कुजून मरतात. दीड फूट खड्डा खणा, निघालेल्या मातीत तेवढाच मुरूम किंवा जाडी वाळू आणि कंपोस्ट मिसळा आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच, ढिगावर बसवा. रुईला आणि कोरांटीला खत घालायची गरज नाही, उलट वाळू जास्त घाला.

एकाच जातीची तीन रोपं जवळजवळ लावा. सुटं एक रोप मादीला सापडतं, पण अळ्यांना पुरत नाही. उंच झाडं मागे उत्तरेला, झुडपं मध्ये, घोळ-टाकळा पुढे, म्हणजे कोणावर सावली पडत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बाल्कनीत बारा इंची चार कुंड्या ठेवाव्यात: लिंबाची रोपं, कढीपत्ता, हळदकुंकू, पानफुटी. ऊन मिळत असेल तर वरच्या मजल्यांवरही लाइम बटरफ्लाय येतं.

टपरी, चिखल आणि सडकं केळं

फुलांत फार डोकं घालू नका. एकेरी पाकळ्यांची निवडा. भरगच्च दुहेरी झिनिया आणि झेंडू दिसायला छान, पण त्यांच्या रसापर्यंत सोंड पोचायला त्रास पडतो. पेंटास, एकेरी झिनिया, कॉसमॉस, इक्झोरा, तुळशीच्या मंजिऱ्या आणि सगळ्यात कमी किमतीची, म्हणजे फुकटची, एकदांडी. दगडाच्या फटीत उगवणाऱ्या या इवल्या फुलावर जितकी छोटी फुलपाखरं येतात तितकी माझ्या विकतच्या कोणत्याच रोपावर येत नाहीत. घाणेरी फुलपाखरांना आवडते हे खरं, पण पक्षी तिची फळं खाऊन बिया रानभर पसरवतात आणि ती तिथल्या झाडांना जगू देत नाही. असलेलं झुडूप ठेवायचंच तर फळं धरण्याआधी तुरे छाटा. नवी लावू नका.

जागा असेल तर एक खुळखुळा लावा, पिवळ्या फुलांचा, वाळल्यावर शेंगा वाजणारा. कडवे आणि हबशी यांचे नर त्याच्या वाळक्या पानांवर आणि शेंगांवर तासन् तास चिकटून बसतात. त्यातून मिळणाऱ्या द्रव्यापासून ते मादीला खुणावणारा गंध बनवतात.

नरांना चिखलही हवा असतो. त्यातून ते क्षार, विशेषतः मीठ शोषतात आणि मिलनाच्या वेळी मादीला देतात. कुंडीखालची मोठी मातीची ताटली घ्या, तिच्यात काळी माती, वाळू, मूठभर जुनं शेण आणि चिमूटभर मीठ घालून सतत ओलसर ठेवा. वर पाणी तरंगता कामा नये. साचलं की डास होतात, आणि मग गल्ली तुमच्या नावाने ओरडेल. शेजारी एक सपाट दगड ठेवा, ऊन खायला. जास्त पिकलेलं केळं, चिकू किंवा पेरू फांदीच्या बेचक्यात ठेवला तर बॅरन आणि संध्याकाळी बाहेर पडणारं कॉमन इव्हनिंग ब्राऊन येतात, जी फुलांकडे फारशी फिरकत नाहीत. दोन दिवसांनी केळं बदला, नाहीतर फक्त मुंग्यांची जत्रा भरते.

अळ्या आल्यावर हात आवरा

पावसाळ्यात अंड्यातून अळी तीन ते पाच दिवसांत निघते, दोन-तीन आठवडे खाते, आठ-बारा दिवस कोषात असते. सगळा खेळ सव्वा महिन्याच्या आत. या काळात शिंपी पक्षी येईल, गांधीलमाशी येईल, सरडा येईल. शंभर अंड्यांतून अगदी थोडीच फुलपाखरं उडतात, आणि ते तसंच असायचं असतं. शिंप्याच्या पिलांनाही अळ्याच लागतात. सगळ्या अळ्या उचलून डब्यात वाढवायचा मोह होतो. मीही केलं, आणि एका डब्यात पंधरा ठेवल्यामुळे रोग पडून तेरा मेल्या. मुलांना दाखवायला एखाद-दुसरी ठेवायची असेल तर मोठी बरणी, तोंडाला मलमलचं कापड, रोज ताजी पानं आणि रोज विष्ठेची सफाई. पानं त्याच जातीच्या झाडाची द्यायची. लिंबावरची अळी लिंबावरच वाढवायची.

अळी एका सकाळी झाडावर दिसली नाही म्हणजे मेली असं नाही. कोषात जाण्याआधी बऱ्याच अळ्या झाड सोडून चालू लागतात. आमच्याकडे एक कोष कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खिळ्यावर सापडला, लिंबापासून बारा पावलांवर. म्हणून झाडाजवळ चार सुक्या काटक्या उभ्या खोचून ठेवते. लाइम आणि मॉर्मनचा कोष कमरेला रेशमी दोरा बांधून उभा असतो, कडव्याचा आणि हबशाचा उलटा लोंबतो. कोषाला खालून पांढरे धागे लोंबताना दिसले तर आतून माशीच्या अळ्या बाहेर पडल्या, फुलपाखरू संपलं असं समजा.

फुलपाखरू बहुतेक सकाळी बाहेर येतं. पंख चुरगळलेले, ओले. तास-दोन तास ते उलटं लटकून पंख भरतं आणि मग तांबूस थेंब टाकतं. ते रक्त नव्हे. त्याला मदत करू नका, कोष सोलू नका. एवढंच करा, की खाली मांजर नाही ना ते बघा.

नोंद ठेवली तर दुसऱ्या वर्षी फार उपयोग होतो: कोणत्या तारखेला, कोणत्या झाडावर, काय. फोनवर फोटो काढून आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाकला तर जात ओळखायला मदत होते. माळव्यात सगळ्यात जास्त फुलपाखरं ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये असतात. सप्टेंबरात देशभर फुलपाखरू महिना साजरा होतो, आपली मोजणी त्यात जोडता येते.

पाऊस संपल्यावर

दिवाळीच्या साफसफाईत बाग छाटायची सवय असेल तर यंदा मोडा. थंडीत, इंदुरात रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा, लिंबावरचा कोष कित्येक आठवडे तसाच राहू शकतो. हिरव्या फांदीवर हिरवा, सुक्या काटकीवर तपकिरी, त्यामुळे कात्री चालवताना दिसतच नाही. छाटायचंच असेल तर प्रत्येक फांदी हातात घेऊन, फिरवून बघा आणि मग कापा. टाकळा वाळून तपकिरी होईल, रुई विस्कटेल, ते राहू द्या. टाकळ्याच्या शेंगा जमिनीवर फुटू द्या, म्हणजे पुढच्या जूनला पेरायचं काम वाचतं.

गळलेली पानंही सगळी ओल्या कचऱ्यात देऊ नका. इव्हनिंग ब्राऊनच्या हिवाळी पिढीच्या पंखांखाली डोळ्यांचे ठिपके जवळजवळ नसतात, ते वाळक्या पानासारखंच दिसतं. पालापाचोळाच नसेल तर ते बसणार कुठे? आमच्याकडे झाडायला येणाऱ्या ताईंना हे पटायला वेळ लागला. दोन वेळा त्यांनी माझा कोपरा लख्ख करून टाकला आणि कौतुकाची वाट बघत उभ्या राहिल्या. शेवटी मी त्या कोपऱ्याभोवती आठ विटा लावून हद्द आखून दिली. आता त्या विटांपर्यंत झाडतात, आणि सकाळी नऊच्या सुमाराला कामावर आल्या की विटेवर ऊन खात बसलेली भिरभिरी उडू नये म्हणून फाटक हळू लावतात.